सकाळी सातचं रिझर्व्हेशन

कॉम्प्युटरला जात दिसत नाही, असं हल्ली आपल्यातलेच शिकलेले दोस्त छातीठोक सांगायला लागलेत. कारभार माणसाच्या हातातून काढा, मशीनच्या हातात द्या, भेदभाव खलास. बटण दाबणारा बामण आहे की बौद्ध, मशीनला काय ठाऊक? ऐकायला झकास वाटतं. पण मी मशीनवर पोट भरणारा माणूस आहे. रिंग खात्यात पाळीचे आठ तास उभं राहिलं की मशीनला काय दिसतं न् काय दिसत नाही ते पायातून डोक्यात चढतं. तुटलेला धागा जोडायला माणूस ठेवलेला असतो. त्या माणसाला किती साइड द्यायच्या ते मशीन ठरवत नाही. मालक ठरवतो, आणि मग बोट मशीनकडं दाखवतो.

म्हणून आज अमेरिकेचं एक प्रकरण मांडतो. भाकरीचं नाही, नोकरीचं नाही. जंगलात तंबू ठोकायचं प्रकरण आहे. हसू नका लेको. मशीन, मेरिट आणि मोकळी स्पर्धा यांचे गोडवे गाताना जे लोक उठसूट अमेरिकेकडं हात करतात, त्यांना अमेरिकेतच नेऊन उत्तर द्यायला पायजे.

तिकडं सरकारी मालकीची अफाट जंगलं, डोंगर, दऱ्या आहेत. नॅशनल पार्क म्हणतात. तिथं मुक्कामाला हॉटेलं आहेत, पण साध्या माणसासाठी कॅम्पग्राउंड असतं. म्हणजे आखलेल्या, नंबर टाकलेल्या जागा. एका जागेत एक टेबल, विस्तवाला लोखंडी कडं, मोटार उभी करायला पट्टी, तंबूपुरती सपाट माती. नळ आणि संडास सगळ्यांत मिळून, आपल्या चाळीसारखे. कॅलिफोर्नियात योसेमिटी नावाची दरी आहे. तिथं अशा जागेला रात्रीचे ३६ डॉलर पडतात आणि सहा माणसं झोपू शकतात. त्याच दरीत अवाह्नी नावाचं आलिशान हॉटेल आहे, तिथं एका खोलीला रात्रीचे शेकडो डॉलर. हे हॉटेल उघडलं १९२७ साली. आपल्याला १९२७ म्हटलं की दुसरंच काही आठवतं. तेही पब्लिक जागेचंच प्रकरण होतं. महाडच्या नगरपालिकेनं तळं ठराव करून आधीच सगळ्यांना खुलं केलेलं होतं. कागदावर. कागदावर खुलं आणि ओंजळीला खुलं यात किती अंतर असतं, ते आपल्याला शिकवायला कुणी लागत नाही. तेवढं अंतर डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

तर कॅम्पग्राउंड कागदावर सगळ्यांना खुलं आहे. फक्त रिझर्व्हेशन पायजे. ते इंटरनेटवर मिळतं. योसेमिटी दरीतल्या बहुतेक जागांची खिडकी महिन्यातून एकदा, १५ तारखेला, तिथल्या घड्याळानं सकाळी ७ ला उघडते, ती चार-पाच महिने पुढच्या तारखांसाठी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिथं झोपायचं असेल तर १५ मार्चला सकाळी सातला बोट बटणावर पायजे. खुद्द पार्कच सांगतं, की उन्हाळ्यातल्या जवळजवळ सगळ्या जागा पहिल्याच दिवशी, सातनंतर काही सेकंदांत किंवा मिनिटांत संपतात. सात वाजून पाच मिनिटांनी उठलेला माणूस पाच मिनिटं उशिरा आला असं समजू नका. त्याचा उन्हाळा गेला.

आता कामगार म्हणून विचार करा. जुलैत मला रजा आहे की नाही हे मार्चमध्ये मला कुठून कळणार? आमच्या गिरणीत पुढच्या आठवड्याची पाळी शनिवारी संध्याकाळी फळ्यावर लागते. बदलीवाल्याला तर आज काम आहे का ते आज गेटवरच कळतं. अमेरिकेतल्या हॉटेलात भांडी घासणाऱ्याची, दुकानात माल लावणाऱ्याची गत फार वेगळी नाही. तिथल्या ओरेगॉन राज्यानं २०१७ साली कायदा केला, की ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांनी, हॉटेलांनी, खानावळींनी पाळीचं वेळापत्रक कामगाराला आधी द्यावं. किती आधी? सुरुवातीला ७ दिवस, २०२० पासून १४ दिवस. चौदा दिवसांची आगाऊ खबर मिळावी म्हणून तिथं कायदा करावा लागला, आणि ज्या राज्यांत असा कायदा नाही तिथं मालकाची मर्जी. ज्याच्या हातात स्वतःचे पुढचे चौदा दिवस नाहीत, त्याच्याकडं ही कॅम्पग्राउंडची खिडकी चार-पाच महिने मागते. जात विचारत नाही, रंग विचारत नाही, पगारही विचारत नाही. एवढंच विचारते: पुढच्या उन्हाळ्यात तू कुठं असशील ते आजच सांगशील का? वकील सांगतो, प्रोफेसर सांगतो. माल लावणारी बाई काय सांगणार?

हे माझ्या डोक्यातलं गणित आहे असं कुणी म्हणेल म्हणून एक पुरावा देतो. माँटाना विद्यापीठातल्या संशोधकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली छापून आले. नॅशनल पार्कांतली पाच कॅम्पग्राउंड त्यांनी घेतली, जिथं काही जागा रिझर्व्हेशनच्या आणि काही जागा जो आधी येईल त्याच्या, अशा दोन्ही शेजारीशेजारी होत्या. मग लोकांच्या मोबाइलच्या ठावठिकाण्यावरून पाहिलं, की कुठल्या जागेत झोपणारी माणसं कुठल्या वस्त्यांतून येतात. माणसाचं खिसं तपासलेलं नाही, वस्तीची सरासरी मिळकत तपासली. पाचही ठिकाणी रिझर्व्हेशनच्या जागेत झोपणारे जास्त मिळकतीच्या वस्त्यांतून आलेले निघाले. काही ठिकाणी त्या वस्त्या जास्त गोऱ्याही निघाल्या. तेच डास, तेच झाड. मधे फक्त एक खिडकी.

आता खिडकीवर बसलाय कोण? अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पार्कांची नि जंगलांची ही बुकिंगची व्यवस्था बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन नावाची कंपनी चालवते. २०१७ साली तिला कंत्राट मिळालं. ही कंपनी तंबूवाली नाही, झाडंवाली नाही. लष्कराची आणि हेरखात्यांची कामं करून मोठी झालेली आहे. २०१३ साली एडवर्ड स्नोडेननं सरकारच्या हेरगिरीचे कागद जगासमोर टाकले तेव्हा तो याच कंपनीच्या नोकरीत होता. आता तीच कंपनी झाडाखालची जागा वाटते, आणि तिची कमाई बुकिंगमागं होते. जितकी बुकिंगं, जितके अर्ज, तितका पैसा. जागा रद्द केली तर १० डॉलर कापतात. काही ठिकाणी सोडत असते. ॲरिझोनात द वेव्ह नावाचा लाटेसारखा दगडी डोंगर आहे. तिथं आधी दिवसाला २० माणसं सोडायचे, २०२१ पासून ६४ सोडतात. सोडतीत नाव घालायचे ९ डॉलर. नंबर लागला नाही तर? ते ९ डॉलर गेले. पुन्हा नाव घाला, पुन्हा ९.

आमच्या आज्याच्या पिढीला हा धंदा समजावून सांगायची गरज पडली नसती. गिरणगावातला मटका आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर चालायचा, तारेनं उघडता-बंद भाव यायचा आणि आकड्यावर पैसे लागायचे. १९६१ च्या सुमाराला ते भाव येणं बंद झालं, मग चिठ्ठ्या मडक्यात आल्या. पण मटकेवाल्याच्या बाजूनं एक गोष्ट बोलतो: हरणाऱ्याच्या पैशातला मोठा वाटा निदान जिंकणाऱ्याच्या हातात पडायचा. पोलीस मात्र मटकेवाल्यालाच धरायचे.

एक खटलाही झाला. लास वेगासजवळ रेड रॉक कॅन्यन आहे, सरकारी जमीन. तिथं मोटारीनं फिरायला आत जायचं तर वेळ बुक करायची आणि वर २ डॉलर बुकिंगचे द्यायचे. एका माणसानं कोर्टात विचारलं, हे दोन डॉलर कुणाला विचारून लावले? २०२२ साली तिथल्या फेडरल कोर्टानं म्हटलं, की लोकांना आधी कळवून त्यांचं म्हणणं ऐकायला पायजे होतं, ते केलेलं नाही. दोन डॉलरसाठी कोर्ट! आपले लोक म्हणतील, दोन डॉलरचं काय एवढं. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. रकमेवर भांडण नव्हतंच. पब्लिकच्या दारावर खाजगी पेटी कुणी ठेवली यावर होतं.

पेटी एकदा बसली की तिच्याभोवती माश्या येतातच. २०११ साली योसेमिटीच्या वीस डॉलरच्या जागा इंटरनेटवरच्या छोट्या जाहिरातींत शंभर-दीडशेला विकल्या जात होत्या. सिनेमाच्या तिकिटाचा ब्लॅक आपण पाहिलाय, झाडाखालच्या मातीचा ब्लॅक पाहिला नव्हता. मग ओळखपत्र तपासायला लागले, तर दुसरी युक्ती निघाली. पैसे घेऊन पाळत ठेवणाऱ्या सेवा आहेत. कुणी जागा रद्द केली की तुमच्या फोनवर तत्काळ घंटी. ब्लॅक नाही, कायदेशीर आहे. फक्त ज्याच्याकडं घंटीचे पैसे नाहीत त्याच्या कानाला ती ऐकू येत नाही. आणि शिवाय जागा अडवून ठेवणारे. चार तारखा बुक करायच्या, हवा बघायची, आवडेल तेव्हा जायचं, नाहीतर जायचंच नाही. संपलेल्या कॅम्पग्राउंडात रिकाम्या जागा! कॅलिफोर्नियाच्या सरकारला आपल्या राज्यातल्या पार्कांपुरता २०२३ साली कायदा करावा लागला, की आयत्या वेळी रद्द करणाऱ्याचे किंवा न येणाऱ्याचे पैसे जप्त. बरं केलं. पण ज्याला शंभर डॉलर म्हणजे चहापाणी, त्याला जप्तीचं भय किती?

आता रिझर्व्हेशन या शब्दाकडं या. आपल्याकडं हा शब्द उच्चारला की समोरच्याच्या कपाळाला आठी पडते. कुबड्या, मेरिटचा खून, वगैरे. तोच माणूस रेल्वेचं रिझर्व्हेशन मात्र अभिमानानं खिशात ठेवतो. अमेरिकेत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो रक्ताचा आहे. तिथल्या मूळ लोकांना त्यांच्या जमिनीवरून हाकलून जिथं कोंडलं त्या जागेलाही रिझर्व्हेशनच म्हणतात. योसेमिटीच्या दरीत अवाह्नीची लोकांची वस्ती होती. १८५१ साली मॅरिपोसा बटालियन नावाची बंदूकवाल्यांची फौज दरीत शिरली, त्यांचे धान्याचे साठे जाळले, आणि माणसांना फ्रेस्नो नदीकाठच्या रिझर्व्हेशनवर नेलं. जी माणसं परत आली, टिकून राहिली, पार्कात मोलमजुरी करून जगली, त्यांच्या गावातली उरलेली घरं १९६९ पर्यंत पाडून टाकली. आणि शेकडो डॉलरच्या त्या हॉटेलाला नाव कुणाचं, तर त्यांच्याच दरीचं! गावाबाहेर काढलेल्यांची नावं देवळाला द्यायची पद्धत एकट्या आपल्या देशाची नाही तर. मूळ मालकाला रिझर्व्हेशनवर टाकलं आणि मग त्याच्या जमिनीचं रिझर्व्हेशन १५ तारखेला सकाळी सातला विकायला काढलं.

आणि काळ्यांचं? व्हर्जिनियात शेनँडोआ नावाचं नॅशनल पार्क आहे. ते उभं करताना आधी डोंगरातली शेकडो गरीब कुटुंबं उठवली, ती बहुतेक गोरीच होती. मग १९३९ साली काळ्यांसाठी वेगळं ठिकाण उघडलं: लुईस माउंटन. पाटी होती ‘लुईस माउंटन निग्रो एरिया’. जेवायची जागा वेगळी, झोपायच्या खोल्या वेगळ्या, तंबूची जागा वेगळी. केंद्र सरकारचं पार्क, पण रिवाज व्हर्जिनियाचा. १९४५ च्या डिसेंबरात केंद्रातून हुकूम निघाला की पार्कात असा भेद चालणार नाही, तरी तिथं तो पुरता मोडायला १९५० उजाडलं. म्हणजे पाटी होती तेव्हा निदान भांडायला पाटी होती. तिच्यावर दगड मारता येत होता, फोटो काढता येत होता, कोर्टात दाखवता येत होती. खिडकीवर अशी पाटी नाही. मी असं म्हणत नाही की खिडकी बनवणाऱ्यानं काळ्यांना किंवा गरिबांना वगळायचं ठरवून ती बनवली. त्याला त्यांची आठवणच झाली नसेल. आठवण न होणं हाही वगळण्याचा एक जुना प्रकार आहे, गावचा नकाशा काढताना महारवाडा राहून जातो तसा.

ओकलंड आपल्याला परकं नाही. १९६६ साली तिथं ब्लॅक पँथर उभी राहिली आणि १९७२ साली आपल्या माणसांनी मुंबईत ते नाव उचललं. त्या ओकलंडहून योसेमिटी मोटारीनं चारेक तासांवर आहे. तिथल्या एखाद्या बस ड्रायव्हरच्या पोरानं तो धबधबा पाहू नये असा कुठलाच कायदा नाही. जागा नाही, एवढंच. आणि जागा का नाही? १९९७ च्या जानेवारीत मर्सेड नदीला मोठा पूर आला. दरीतल्या जवळजवळ निम्म्या तंबूच्या जागा वाहून गेल्या. त्या पुन्हा उभारल्या नाहीत. नदीला तिचा काठ मोकळा पायजे, हे कारण मला पटतं. नदीकाठ अडवला की काय होतं ते पुरात उभ्या राहिलेल्या झोपडपट्टीला विचारा. पण निम्मा वाटा गेला तो तंबूवाल्याचा. हॉटेल जागच्या जागी आहे.

इथं कुणी म्हणेल, मग काय पुन्हा रांग लावायची? जो आधी येईल त्याला? मी त्याचाही भक्त नाही. त्या चार तासांचं पेट्रोल जाळून, पोरं मागच्या सीटवर घेऊन गेटवर जायचं आणि ‘फुल’ ची पाटी बघून परत फिरायचं, हे गरिबाला परवडत नाही. बुधवारी सकाळी रांगेत कोण उभा राहतो? ज्याला बुधवारी काम नाही तो. आणि माणसाच्या हातात वाटप द्यावं तर आपण जॉबर पाहिलेले आहेत. दस्तुरी दिल्याशिवाय बदली लागायची नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा आणि मग तो विटाळतो. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न धसाला लावला. म्हणून मशीन आलं याचं मला दुःख नाही. जॉबरपेक्षा मशीन बरं. पण मशीनच्या मागं जो नियम लिहितो तो नवा जॉबर आहे, आणि त्याचं तोंड दिसत नाही, म्हणून दस्तुरी कुठली घेतो तेही दिसत नाही. कधी चार-पाच महिन्यांची आगाऊ खबर घेतो, कधी ९ डॉलर घेतो, कधी सकाळी सातची वेळ घेतो.

कॅलिफोर्नियानं एक चांगली गोष्ट केलीय. २०२२ पासून तिथल्या सार्वजनिक वाचनालयांतून पुस्तकासारखा पास घरी नेता येतो. तो मोटारीला लावला की राज्याच्या दोनशेहून जास्त पार्कांत दिवसभर फुकट प्रवेश. वाचनालयानं शिकलेला माणूस मी, मला हे वाचून बरं वाटलं. पण पास दिवसाचा आहे. तंबूला तो चालत नाही. अंधार पडला की गरिबानं परत फिरायचं.

एवढं अमेरिका पुराण कशाला लावलं? तर आपल्या अभ्यासिकेसाठी.

आपल्या समाजमंदिरातली अभ्यासिका. ४० खुर्च्या, चार पंखे, एक ट्यूबलाइट जी कुणी बदलत नाही. दोन महिन्यांपूर्वी आपण ठरवलं, की खुर्च्या मोबाइलच्या फॉर्मवर द्यायच्या. एक तारखेला सकाळी ६ ला फॉर्म उघडणार, पहिल्या ४० जणांना महिनाभर खुर्ची. वशिला बंद, भांडणं बंद. टाळ्या झाल्या. या महिन्याची यादी दाराला लावलेली आहे, जाऊन वाचा. मी वाचली. निम्म्याहून जास्त नावं हायवेपलीकडच्या सोसायट्यांतली आहेत. आपलीच पोरं आहेत, कुणाचा बाप तहसीलला आहे, कुणाची आई शाळेवर. त्यांच्या घरी वायफाय आहे, आणि खरं सांगायचं तर अभ्यासाला खोलीही आहे. त्यांनी लबाडी केलेली नाही, वशिला लावलेला नाही. सहाला फॉर्म उघडला आणि सहा वाजून चार मिनिटांनी ४० नावं भरली.

त्या चार मिनिटांत कोण कुठं होतं ते सांगतो. रात्रपाळीवाले गिरणीत होते. फोन गेटवर जमा असतो, सातला हातात मिळतो. त्यातले तिघं एमपीएससीचा अभ्यास करतात, झोप मोडून करतात. घरात एकच फोन असलेल्या पोरींचा फोन बापाच्या खिशात होता आणि बाप पहाटेच भाजी मार्केटला हमालीवर. एका पोरीनं सातला फॉर्म उघडला, तर ‘प्रतिसाद स्वीकारणे बंद’. ती नळाच्या रांगेत मला म्हणाली, दादा, माझं नेट स्लो असंल. तिला वाटतंय चूक तिच्या नेटची. मला संताप आला तो इथं. जॉबरनं हाकललं असतं तर तिनं त्याला शिव्या घातल्या असत्या. मशीननं हाकललं म्हणून ती स्वतःलाच दोष देती.

तर दोस्तांनो, माझा ठराव लिहून देतो, रविवारी संध्याकाळी बैठकीत मांडणार आहे. वीस खुर्च्या सोडतीनं. नाव आठवडाभर कधीही द्यावं, कागदावर, फोनवर, तोंडी, कसंही. सोडतीला पैसा नाही. दहा खुर्च्या पाळीवाल्यांना आणि घरात अभ्यासाला जागा नसलेल्या पोरींना राखीव, होय, राखीव. या शब्दाला आपणच लाजायला लागलो तर झालंच. उरलेल्या दहा रोज येईल त्याच्या. तीन दिवस न सांगता गैरहजर राहील त्याची खुर्ची पुढच्याला, मग तो तहसीलदाराचा पोरगा असो की माझा भाऊ. मोबाइलचा फॉर्म राहू द्या, पण उघडायची वेळ रात्री ९ ची ठेवा, तेव्हा बाप घरी असतो, फोन घरी असतो आणि रात्रपाळीवाला अजून निघालेला नसतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी बैठकीत उभं राहून भांडावं, ग्रुपवर अंगठे दाखवू नयेत. चिठ्ठ्या टाकायला पत्र्याचा डबा माझ्याकडं आहे, तो घेऊन येतो. चिठ्ठ्या त्या पोरीनं काढाव्यात.